सील लागलेलं कॅन्टीन

सकाळी डब्यात पुळिओगरे, म्हणजे चिंचेचा भात, भरताना चिंच-हिंगाचा वास आला आणि बंगळूरमधलं बेळ्ळंदूरचं जुनं ऑफिस आठवलं. आमच्या मालकीणबाईंनी सरकारच्या एका कायद्याविरुद्ध पेपरात लिहिलं, आणि आठवड्याच्या आत तपासणीवाले येऊन कॅन्टीनला सील ठोकून गेले. “लेख मागे घेतला तर सील काढतो म्हणतायत. काय करू?” बाईंनी आम्हालाच विचारलं. अकाउंट्समधल्या अक्का म्हणाल्या, “घेऊ नका मॅडम. उद्यापासून डबे आणू, स्वल्प जास्तच आणू.” मग पार्किंगमधल्या करंजाखाली, बाईंसकट सगळे, एकमेकांच्या डब्यांत हात घालून जेवायचो. इतकं चविष्ट मी पुन्हा कधी जेवले नाही. आताच्या कंपनीचं कॅन्टीन झकास आहे. तिथले साहेब सरकारच्या कुठल्याच कायद्यावर बोलत नाहीत. मी डबाच नेते.