टाकीतली आमसुलं

बाबांच्या जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी उतरवली, हे मला वहिनीच्या स्टेटसवरून कळलं. फोटोत नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगचं आवार, समोर गंजकी टाकी, बाबा उकिडवे बसलेले आणि शेजारी हातात पाना घेऊन वहिनी. नाकावर काळा डाग. खाली लिहिलं होतं, ‘सासरे-सून गॅरेज’. मी डोंबिवलीत मेथी निवडत बसले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी एक तर स्वतःच्या चाकांवर बाहेर पडणार होती, नाही तर भंगारवाल्याच्या टेम्पोतून. बाबांनी ठरवलं, चालत जाईल. पण पेट्रोल आत राहून राहून चिकट झालेलं, टाकीला आतून गंजाच्या खपल्या धरलेल्या. तो गंज निघाल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नव्हता. दादा नोकरीसाठी परदेशात, म्हणून मदतीला वहिनी. साहजिकच आहे, असं कुणीही म्हणेल. मी म्हणणार नाही. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला जाताना त्या गाडीत बाबांच्या शेजारी मी बसायचे. दादाला गाडी लागायची, तो मागे खिडकीतून तोंड बाहेर काढून. बाबा बॉनेट उघडायचे तेव्हा टॉर्च मी धरायचे. ही बाई आमच्या घरी आली तेव्हा गाडीवर ताडपत्री पडलेली होती!

पुढच्या रविवारी मी हजर.

“अरे वा, आलीस! बस, बस,” म्हणत बाबांनी स्वतः प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पुसली, सावलीत ठेवली.

“बाबा, मी काही करू?”

“छे, छे. माहेरी आलीयस, आराम कर. हात खराब होतील.” आणि त्याच दमात वहिनीकडे वळून, “अगं, पाना उलटा धरलायस! किती वेळा सांगायचं?”

“तुम्हीच असा दिलात, बाबा.”

“मी दिला म्हणून काय झालं? तुला डोळे नाहीत?”

आणि दोघं खो-खो हसले.

मला गाडी नको होती. हे स्पष्ट सांगते, कारण डोंबिवलीत आमच्या घरीही सगळ्यांना वाटलं की मला ती हवीय. मला त्या ओल्या फरशीवर बाबांच्या बाजूला उकिडवं बसायचं होतं आणि ‘तुला डोळे नाहीत?’ असं ऐकून घ्यायचं होतं. माझं लग्न झाल्यापासून बाबा माझ्यावर एकदाही ओरडलेले नाहीत. जावयाच्या बायकोशी बोलावं तसं ते माझ्याशी बोलतात.

टाकीत धुतलेली खडी आणि साबणाचं पाणी घालून दोघांनी ती दोन बाजूंनी धरून हलवली. खडखडाटानं आख्खी बिल्डिंग गॅलरीत आली. आतून तांबडं-काळं पाणी निघालं. मी खुर्चीत बसून वहिनीनं केलेला आल्याचा चहा पीत होते. चहा चांगला झाला होता, त्याचाही राग आला.

उरलेला गंज सुटायला आंबट काहीतरी हवं होतं. बाबांना आई आठवली. ती देवाची तांब्याची भांडी आमसुलानं घासायची. “तांबं लखलखतं, मग लोखंड का नाही?” असं त्यांचं म्हणणं. वहिनी लगेच “हो बाबा!” होला हो करण्यात ती पटाईत. आईच्या हाताखाली ती भांडी घासली मी, आणि आमसुलांचा डबा आला हिच्या हातात. तिनं आमसुलांची पुरचुंडी बांधली, दोऱ्याला लटकवून टाकीत सोडली, वरून गरम पाणी ओतलं आणि टाकी आठवडाभर तशीच ठेवली.

पुढच्या रविवारी दोरा ओढला तर नुसतं फडकं वर आलं. गाठ सुटली होती. आमसुलं आत.

“साधी गाठ मारता येत नाही तुला?” बाबा वैतागले. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. असा आनंद होऊ नये माणसाला, पण मला झाला. त्यांनी टाकी उलटी केली, हलवली, बडवली. आत आडव्या पत्र्यांच्या मागे आमसुलं घट्ट चिकटलेली. पेट्रोलच्या काट्याचा तरंगता गोळा जिथून आत सोडतात, तेवढं एकच वाटोळं भोक कामाचं होतं. वहिनीचा हात अंगठ्यापाशी अडला.

मी खुर्चीतून उठले, बांगड्या काढल्या.

“नको, नको, तू बस,” बाबा म्हणाले. तोवर माझा हात मनगटाच्या वर आत गेला होता.

बोटांना बुळबुळीत सालं लागली. मी मूठभर उचलली आणि हात बाहेर ओढला. येईना. पुन्हा ओढला. येईना.

“मूठ सोड!” बाबा ओरडले. “अगं, मूठ सोड आधी! अक्कल काय डोंबिवलीला ठेवून आलीस? लहानपणापासून हेच! एकदा हातात आलं की सोडायचं नाही! कापेल ना, मूर्ख!”

वहिनी धावत जाऊन खोबरेल तेल घेऊन आली. हात निघाला तेव्हा मनगटावर लांब ओरखडा होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी. दुखलं म्हणून, असं त्यांना वाटलं. मी फरशीवर बसकण मारली आणि एकेक आमसूल बाहेर काढलं. बाबा टॉर्च मारत होते आणि सारखे खेकसत होते. डावीकडे, अगं डावीकडे, तुझं डावं कुठलं?

आतला पत्रा चांगलाच उजळला होता. ओलं लोखंड लगेच पुन्हा गंज धरतं, म्हणून टाकी धुतल्या धुतल्या वहिनीनं हेअर ड्रायर सुरू केला. बाबांनी हात पुसले.

“पुढच्या रविवारी टाकी चढवायची. लवकर ये,” ते मला म्हणाले. “आणि जुना ड्रेस घालून ये, हे असलं नको. गाडीखाली तूच शिरायचंस.” मग वहिनीकडे बघून, “तू वरून धर. हिचा हात बरोबर पोचतो.”

 वहिनी ड्रायर टाकीच्या एकाच जागी धरून बघत राहिली. तिचा चेहरा मी ओळखला. दोन्ही रविवार मी तोच चेहरा घेऊन सावलीत बसले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. डोंबिवलीला पोचेपर्यंत वाटलं नाही.