दमा म्हणायचं नाही

“काही आजार?” मी विचारलं.

“मी बरी झालेली आहे.”

“कशातून बरी झालात?”

“मी बरी झालेली आहे, मॅडम. मी सुदृढ आहे.”

सुशीलाबाई राहात्याच्या हॉस्पिटलात कॉटवर बसल्या होत्या. रात्रीपासून उपाशी, अंगावर ऑपरेशनचा हिरवा गाऊन. पित्ताशयात खडे, पिशवी दुर्बिणीतून काढायची होती. घटकाभरात त्यांना टेबलवर घ्यायचं होतं.

मी भूल देणारी डॉक्टर. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. बॅग गाडीत टाकायची आणि ऑपरेशन असेल तिथे जायचं, आज राहाता, उद्या सोनई. पेशंटशी ओळख जेमतेम पंधरा मिनिटांची. त्या पंधरा मिनिटांत जे विचारते त्याला आम्ही हिस्टरी म्हणतो. दमा आहे का, शुगर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दात हलतो का. रटाळ प्रश्न असतात, पण पेशंट त्यांच्या उत्तरांवर जगतो.

मला एक गोष्ट खटकली. उपाशी आहात का विचारलं, तर बाई म्हणाल्या, “व्हय, पानी बी न्हाई घेतलं.” आजाराचं विचारलं की मात्र पाठ केल्यासारखं पुस्तकी बोलत होत्या. शेजारी त्यांचे मालक याकोबराव उभे होते. टेम्पो चालवणारा माणूस. ते सारखे छताकडे बघत होते.

मी छातीला स्टेथोस्कोप लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती. दोन्ही बाजूंना.

“हा दमा आहे,” मी म्हणाले.

बाईंनी चटकन माझ्या तोंडापुढे हात धरला. “म्हनू नका म्याडम! तोंडातनं काढू नका. माझ्यावर यील.”

याकोबरावांना आता राहवलं नाही. “लग्नापासनं हाय म्याडम. पंप घेत हुती. आता बायांच्या दुपारच्या प्रार्थनेच्या बैठकीला जाती. तितं सांगत्यात, आजाराचं नाव घेतलं की आजार ऱ्हातो, बरी झाले म्हनलं की बरं हुतं. चार-सहा म्हैन्यांमागं हिनं समद्यांपुढं उभं ऱ्हाऊन देवानं बरं केलं म्हनून साक्ष दिली आन् पंप उकिरड्यावर टाकला. मोबाईलवर व्हिडिओ बी फिरला.”

“तुमी गप ऱ्हावा. तुमच्या तोंडानंच गाडी बिघडती.”

“गाडी कलचमुळं बिघडती. आन् खडं गं? सोनोग्राफीत दिसत्यात, त्यांना काय सांगती?”

“त्यांना बी न्हाईच म्हनत हुते,” बाई खाली बघून म्हणाल्या. “पन उलट्या थांबंनात.”

इथे थोडं सांगायला हवं. पूर्ण भूल देताना आम्ही श्वासनळीत एक नळी घालतो. दम्याच्या माणसाच्या नळ्या आधीच चिडलेल्या असतात. परकी वस्तू लागली की त्या आवळून बसतात. मग मी हवेचा फुगा कितीही दाबला तरी हवा आत जात नाही. पेशंट निळा पडायला लागतो. दमा माहीत असेल तर आधी औषधं देऊन नळ्या शांत करता येतात. धोका शून्य होत नाही, पण खूप कमी होतो. माहीतच नसेल तर देवाचं नाव घ्यायलाही वेळ मिळत नाही.

मी बाहेर येऊन सर्जनना सांगितलं, “आज नाही.”

“मॅडम, लिस्ट भरलेली आहे. एक नेब्युलायझर द्या आणि घेऊ.”

“कित्येक महिने औषध नाही. एका वाफेनं भागणार नाही.”

“पेशंट तर आजार नाही म्हणतीये. तसं लिहून सही घ्या.”

“सहीनं नळ्या उघडत नाहीत, सर. ताप नाही, कावीळ नाही. दुखण्याला औषध द्या. छाती मोकळी झाली की घेऊ.”

ते चिडले, पण माणूस शहाणा. पुढचा पेशंट आत घेतला.

माझं काम खरं तर तिथे संपलं होतं. पण बाई घरी जाऊन पंप घेणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. पुन्हा पोटात कळ येणार, मग कुठल्या तरी हॉस्पिटलात घाईत टेबलवर जाणार आणि तिथल्या भूलवाल्यालाही हेच सांगणार, मी बरी झालेली आहे.

मीही त्यांच्यासारखी ख्रिस्तीच. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. तरी मी भूल देते, प्रवचन देत नाही. ऑपरेशन आज नाही हे सांगायला मी परत गेले, तेव्हा याकोबरावच म्हणाले, “पाळकसायबांना बोलवू का? माझं ऐकत न्हाई, त्यांचं ऐकंल.” बाईंनी मान डोलावली. पाळकसाहेब आपल्या बाजूनं बोलतील असं त्यांना वाटलं असावं.

पाळकसाहेब, म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू, दुपारी स्कूटरवर आले. आले ते थेट रागावले.

“सुशीला, मंदिरात प्रार्थनेच्या विनंत्या घेतो तेव्हा तू उठत का नाहीस हल्ली?”

आमच्याकडे चर्चला मंदिरच म्हणतात, आणि ही तिथली जुनी रीत आहे. रविवारी उपासनेत माणसं एकेक उभी राहतात आणि सांगतात. माझा गुडघा दुखतो, सुनेला दिवस गेलेत, म्हैस आजारी आहे. मग सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करते.

“आजाराचं बोलायचं न्हाई, साहेब. बोललं की तसं हुतं. शब्दात ताकद आसती.”

“शब्दानं जग निर्माण करणारा एकच आहे, पोरी. तो तू नाहीस.”

याकोबराव हसले. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा छताकडे बघायला लागले.

“मी आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतो,” पाळकसाहेब म्हणाले. “देव बरं करतो, हे मी मानतो. पण तो आपल्या बोलण्याला बांधलेला नाही. तुमच्या बैठकीत जे सांगतात ना, ते पवित्र शास्त्रातलं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत काही लोक शिकवायचे, की आजार मनात असतो, विचार बदला, शरीर बदलेल. पुढे तिथल्या काही प्रचारकांनी त्याला बायबलची वचनं चिकटवली. म्हणाल ते मिळेल. तब्येत मागा, बंगला मागा. तेच आता मोबाईलवर मराठीतून येतं. आणि बरं वाटलं नाही, की म्हणतात तुझाच विश्वास कमी.”

“तसंच म्हनत्यात,” बाई हळू म्हणाल्या.

“बायबलातला तो आंधळा बार्तीमय आठवतो? प्रभू येशूनं त्याला काय विचारलं?”

“मी तुझ्यासाठी काय करावं.”

“मग तो काय म्हणाला? मला दिसतंय म्हणाला?”

बाईंनी श्वास ओढला, तशी छातीतली शिट्टी स्टेथोस्कोपशिवायही ऐकू आली.

“दिसावं म्हनला,” त्या म्हणाल्या.

मी हिस्टरी घेते ती याहून वेगळी नाही, असं माझ्या मनात आलं.

“पन साहेब, माझी साक्ष? समद्यांनी बघितली. खोटी ठरंल ना. बाया म्हनतील, हिनं तोंडानं बरंपन घालवलं.”

“म्हणतील,” पाळकसाहेब म्हणाले. “चार दिवस म्हणतील.”

त्यांनी गोड काही सांगितलं नाही, हे मला आवडलं.

बाई माझ्याकडे वळल्या. “म्याडम, मला दमा हाय,” त्या म्हणाल्या आणि रडल्या. मग लगेच विचारलं, “पंप कंचा घ्यायचा? जुना लई कडू लागायचा.”

मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रविवारी त्या मंदिरात उभ्या राहिल्या, हे याकोबरावांनी फोन करून कळवलं. बैठकीतल्या काही जणी बोलायच्या बंद झाल्या, हेही सांगितलं.

छाती मोकळी झाल्यावर त्यांना परत आणलं. शिट्टी नव्हती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “काही आजार?”

“दमा हाय. सकाळी पंप घेतलाय. वरचा एक दात हालतो. डावा गुडघा धरतो. घाबरट बी हाय मी, ते बी लिवा.”

“अगं, दम खा,” याकोबराव म्हणाले.

नळी सहज बसली. फुगा हलका चालला. सर्जननी पिशवी काढली आणि आतले खडे याकोबरावांना डबीत दाखवले. भुलीतून जाग आल्यावर बाईंनी आधी देवाचे आभार मानले, मग माझे. क्रम बरोबर होता. श्वास मात्र मी मोजत होते.

पुढे एकदा त्याच हॉस्पिटलात हर्नियासाठी एक बाई आल्या होत्या. मी बॅग खाली ठेवायच्या आत त्या म्हणाल्या, “म्याडम, मला शुगर हाय. सुशीलानं सांगितलंय, तुमाला आधी खरं सांगायचं आन् मग प्रार्थना करायची.”

तेव्हापासून मला हाच क्रम सोयीचा वाटतो.