उघड्या डोळ्यांनी पाहिलेला सूर्य

सूर्यग्रहणाच्या दिवशी आमच्या वस्तीत कुणी दारे लावून बसत नसे. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर वडीलधाऱ्यांनी ठरवूनच टाकले होते की ग्रहणात चूल पेटवायची, जेवायचे, गर्भार बाईनेही भाजी चिरायची. आणि हे सारे अंगणात, पलीकडच्या गल्लीला दिसेल असे करायचे. त्या गल्लीत अजून ग्रहण पाळत.

मी नागपुरातच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करत होते, त्या वर्षी एक ग्रहण आले. त्या ग्रहणासाठी एका ओळखीच्या वेल्डरकडून मी गडद काच आणली होती. अख्ख्या गल्लीत ती एकच, म्हणून पाळीपाळीने पाहणे चालले होते. बाबांची पाळी आली तेव्हा सूर्याची कोरच उरली होती. त्यांनी काच डोळ्यांवर धरली, तोच पलीकडच्या गल्लीतला त्यांचा जुना मित्र दाराच्या फटीतून ओरडला, "काहून गा भाऊ, काच लावून पाहून राहिला? आतून भेव आहेच ना?"

सगळे हसले. बाबाही हसले.

"भेव तुले असन. तू दाराबाहेर तर निघ!" असे म्हणून त्यांनी काच माझ्या हातात दिली आणि मान वर केली.

"बाबा, काच लावा!" मी ओरडले. मी दंड धरून ओढेपर्यंत ते पाहतच राहिले. पाणी आलेले डोळे पुसत त्यांनी त्या दाराकडे बोट केले. "काय झालं मले? काहीच नाही!"

खरोखरच काही दुखले नव्हते. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. भिंगाने कागद जाळताना ऊन जसे एका ठिपक्यात गोळा होते, तसेच डोळ्यातले भिंग सूर्यप्रकाश पडद्याच्या बरोबर मध्यावर गोळा करते. आपण ज्याच्याकडे रोखून पाहतो ते दाखवणारी जागा नेमकी तीच असते.

संध्याकाळी त्यांना ताटातली भाकरी कडेने दिसत होती. मध्ये राखी डाग होता.

बाबा एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत. कोणत्या खणात कोणते अक्षर, हे त्यांच्या बोटांना पाठ होते, त्यामुळे ओळ जुळायची. जुळलेली ओळ तपासता मात्र येईना. अक्षराकडे पाहिले की अक्षरच नाहीसे होई आणि शेजारचे दिसे. डॉक्टर म्हणाले, काही महिने वाट पाहा, सूज असेल तर उतरेल. मालकांनी पावसाळ्यापर्यंत जागा राखून ठेवली. बाबा रोज सकाळी उंबऱ्यात वर्तमानपत्र धरून बसत आणि थोड्या वेळाने घडी घालून ठेवत.

ग्रहणानेच डोळे नेले, अशी वस्तीत कुजबुज सुरू झाली. बायका पोरांना उन्हातून आत ओढू लागल्या. बाबांना आपल्या डोळ्यांपेक्षा तेच जास्त लागले. मृगाच्या सुमारास त्यांनी मला विहारात उभे केले. "सांग सगळ्याइले, काय झालं ते."

मी भिंग घेऊन गेले होते. दारातल्या उन्हात वाळके पान जाळून दाखवले.

"मंग ग्रहणच बाधलं ना वं, बाई?" एका म्हातारीने विचारले.

"नाही, आजी. सूर्य रोज एवढाच जाळतो. रोज तो दिपवतो, म्हणून आपण लगेच डोळे मिटतो. त्या दिवशी तो बराचसा झाकला होता, म्हणून बाबांना त्याच्याकडे पाहत राहता आलं. उरलेली कोर मात्र नेहमीइतकीच प्रखर होती."

"ऐकलं ना?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. माझा चेहरा दिसावा म्हणून आता ते माझ्या कानाकडे नजर लावत. "आता हे बी सांग. जळलं ते मांगं येते का?"

घरात हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता. सूज उतरायची ती केव्हाच उतरली असणार, हे मला ठाऊक होते. सारा विहार माझ्याकडे पाहत होता. आशा लावणारे उत्तर दिले असते, तर आधी सांगितलेल्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता.

"नाही, बाबा. जळलेला पडदा पुन्हा येत नाही."

त्यांनी मान हलवली. "समजलं का, पोट्टेहो? काच सोडाची नाही."

दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात गेले आणि आपल्या जागी दुसरा माणूस घ्या, असे मालकांना सांगून आले.