उस्तादांची पहिली मार्गारिटा

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. सकाळी उठून लोकांच्या गळ्यावर वस्तरा टेकवायचा धंदा, तोंडाला वास आला तर कोण बसेल खुर्चीत, असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या पार्टीत फारच आग्रह झाला तर हे ग्लास घेऊन कोपऱ्यातल्या कुंडीजवळ जाऊन उभे राहायचे आणि थोड्या वेळाने रिकामा ग्लास घेऊन हसत परत यायचे. त्या कुंड्यांचं पुढे काय झालं देव जाणे. अशा माणसाने सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, पडदे ओढून माझ्या ओट्यावर मार्गारिटा करायला घेतली. आणि ज्या बाईने त्यांना चार शब्द सुनवायचे, ती मी शेजारी उभी राहून लिंबं पिळत होते.

हे सगळं सुरू झालं कपबशीपासून. ह्यांच्या हातातली बशी वाजायला लागली. मी म्हटलं, "अहो, हळू." दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी बशी घेणंच सोडून दिलं. मग शर्ट गेले आणि टीशर्ट आले, का तर म्हणे उकडतं. बटणं लावता येत नाहीत हे मला कळायला हवं होतं, पण मी मेली इतकी मठ्ठ, की मला वाटलं ह्यांना या वयात हौस आली. नंतर ह्यांनी दाढी वाढवली. तेव्हा मात्र मला शंका आली. हा माणूस तापाने फणफणलेला असतानाही आरशासमोर उभा राहून गुळगुळीत दाढी करायचा. गिऱ्हाइकं ह्यांना उगाच उस्ताद म्हणत नाहीत.

विचारलं तर उडवाउडवी. शेवटी एका संध्याकाळी सलून लवकर बंद करून आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. म्हणाले, "आज एकाला लागलं. कानाखाली. दोन थेंब आले."

"मग? लागतं एखाद्या वेळी."

"मला नाही लागत," ते म्हणाले, आणि उजवा हात समोर धरला. बोटं थरथरत होती. आपण दोघंही भलतीकडे बघू लागलो तर थांबतील, असं वाटून मी क्षणभर भिंतीकडे बघितलंसुद्धा.

आम्हा दोघांच्याही मनात एकच नाव होतं, ते कुणीच घेतलं नाही. माझे थोरले दीर. तेही सलूनमध्येच, ह्यांच्या शेजारच्या खुर्चीपाशी उभे असायचे. त्यांना कंपवात झाला. आधी वस्तरा सुटला, मग कात्री, मग चमचा. शेवटी शेवटी हेच त्यांना भरवायचे. ती दुसरी खुर्ची अजून तशीच आहे, तिच्यावर हे कुणाला बसू देत नाहीत.

मी ह्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई वयाने आमच्या मुलीएवढी, पण शांत. तिने हात पुढे करायला लावला, मांडीवर ठेवायला लावला, चालवून बघितलं, कागदावर गोल काढायला लावले. मग प्रश्न. झोप कशी आहे, कॉफी किती घेता, घरात कुणाला होतं का. आणि त्याच ओघात, मान वर न करता, "दारू घेतल्यावर थरथर कमी होते का?"

"मी घेत नाही," हे म्हणाले.

"बरं," म्हणून तिने त्या जागी आडवी रेघ ओढली आणि पुढे गेली. पण हे पुढे गेले नाहीत. म्हणाले, "समजा कमी झाली, तर?"

"तर जरा बरं लक्षण म्हणायचं. साधी थरथर असते, त्यात पुष्कळांना तसा फरक पडतो. पण त्यावरून काही ठरत नाही हं काका. मला तरी हा कंपवात वाटत नाही, तरी तपासण्या होऊ द्या, मग बोलू."

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? पण ह्यांच्या कानात शिरलं ते फक्त पहिलं वाक्य. बाकी सगळं तिथेच टेबलावर राहिलं. घरी येईपर्यंत ह्यांचं एकच पालुपद, "तेवढा एक प्रश्न माझा रिकामा गेला." जसं काही पेपर सोडवून आले होते आणि मार्क कापले जाणार होते! मी समजावलं, रागावले, अबोला धरला. रात्री अंथरुणात बसून हे हाताकडे बघत राहायचे. तपासण्यांना अजून आठवडा होता. तेवढ्या आठवड्यात हा माणूस काळजीनेच आडवा होईल अशी मला भीती वाटायला लागली. म्हटलं, एकदाचा सोडवा तो प्रश्न, घेऊन बघा.

पण नुसती दारू ह्यांच्या घशाखाली उतरणार कशी? झाकण उघडलं तरी ह्यांना मळमळतं. म्हणून मी मुलीला फोन लावला. ती लांब, दुसऱ्या शहरात, हॉटेलात काम करते. तिला खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "अगं, आम्हाला एकदा चव बघायची होती. सरबतासारखं काही असतं का?"

पलीकडे नुसतं हसणं. "आई! बाबा पिणार? थांब, मला खाली बसू दे." मग म्हणाली, "मार्गारिटा करा. लिंबू असतं, मीठ असतं, बाबांना चालेल. आणि तयार सरबत-बिरबत ओतू नका त्यात. ताजं लिंबूच पिळायचं." तिने सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मजा करा." फोन ठेवल्यावर मला रडू आलं. इतकी खूश झाली होती पोरगी.

बाटल्या आणायला आम्ही ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा भागात गेलो. हे दुकानात असे उभे, जसे पोलिसांनी आणून उभे केलेत. मीच म्हटलं, "टकिला द्या. आणि ती संत्र्याच्या सालीची गोड असते ना, ती." दुकानदाराने काहीही न विचारता दोन्ही बाटल्या गुंडाळून दिल्या. बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "त्याचे कल्ले बघितलेस? डावा वर, उजवा खाली. कुणी कापलेत देव जाणे." मला बरं वाटलं. कल्ले दिसत होते म्हणजे माणूस अजून जागेवर होता.

करायच्या आधी ह्यांनी एक अट घातली. आधीचा हात आणि नंतरचा हात, दोन्ही बघायचे. म्हणून फुगे काढले. वस्तरा शिकताना ह्यांच्या गुरूने ह्यांना माणसाच्या गालाला हात लावू दिला नव्हता, फुगवलेल्या फुग्याला फेस लावून तो फेस वस्तऱ्याने काढायचा. फुगा फुटला की पुन्हा पहिल्यापासून. ह्यांनी एक लाल फुगा फुगवला, ब्रशने छान फेस लावला, मला दोन्ही हातांनी धरायला सांगितला आणि वस्तरा टेकवला. एक पट्टी निघाली. दुसरीला पातं थडथडलं आणि फुगा माझ्या तोंडावर फुटला.

शेजारीण दारात. "काय हो फुटलं?"

"बल्ब," मी म्हटलं. कपाळावर फेस, भुवयांवर फेस. ती माझ्या भुवयांकडे बघत बघतच गेली.

परत आले तर हे ओट्यापाशी पाठमोरे उभे.  मला वाटलं होतं ओरडतील, वस्तरा आपटतील. तसं काही केलं असतं तर मला परवडलं असतं. नुसते म्हणाले, "लिंबं काप."

आमच्याकडे कुठली आलीत ती खास भांडी? आइस्क्रीमचे दांडीचे काचेचे पेले काढले. मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण. हलवायला माझा ऑफिसचा गोल डबा, त्याचं झाकण भारी घट्ट बसतं. आधी पेल्याच्या काठावरून लिंबाची फोड फिरवायची आणि बशीत पसरलेल्या मिठात काठ टेकवायचा. ह्यांच्या हाताने मीठ काठापेक्षा ओट्यावर जास्त पडलं. मी म्हटलं, "अहो, मिठाचं राहू द्या, ते काही औषध नाही."

"सांगितलंय तसंच करायचं," हे म्हणाले, आणि पेला पुसून पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी काठ पांढरा झाला. मग दोन टोपणं टकिला, एक टोपण संत्र्याची, एक टोपण लिंबाचा रस. ओतताना बाटलीचं तोंड टोपणावर टकटक वाजत होतं. सांडलं की हे थांबायचे, पुसायचे, पुन्हा मोजायचे. मी मदतीला हात पुढे केला तर नुसतं बघितलं माझ्याकडे. मी हात मागे घेतला.

डब्यात बर्फ टाकून झाकण लावलं आणि ह्यांनी डबा हलवायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी, खांद्याजवळ धरून, जोरजोरात. आत बर्फ खडखडत होता. तेवढा वेळ ह्यांचा हात अगदी चारचौघांसारखा दिसत होता. ह्यांनाही ते जाणवलं असावं. डबा बाहेरून बर्फासारखा गार पडला तरी हे हलवतच राहिले. शेवटी मी म्हटलं, "पुरे."

चहाच्या गाळणीने पेल्यात गाळलं. फिकट, किंचित हिरवट, वर थोडा फेस. दिसायला सुरेख, खोटं कशाला बोलू. मी जिभेला लावून बघितलं. आधी खारट, मग आंबट, मग घशात आग. ह्यांनी डोळे मिटून काढा प्यावा तसा पेला रिकामा केला, तोंड इतकं वाकडं केलं की इतर कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते. "लोक पैसे देऊन पितात हे?" एवढंच म्हणाले.

मग वाट बघणं. हे खुर्चीत, हात मांडीवर. मी समोर. बोलायचं काय? मी मनात थोरल्या दिरांना म्हणत होते, भाऊजी, तुमचं तुमच्याजवळ ठेवा, ह्यांना देऊ नका. काय वेड्यासारखं बोलतो आपण मेलेल्या माणसांशी! ह्यांचे कान लाल झाले. कपाळावर घाम आला. मी हाताकडे बघायचं नाही असं ठरवून फक्त हाताकडेच बघत होते.

"फुगव," हे म्हणाले.

दुसरा फुगा निळा. मी धरला. माझेच हात इतके कापत होते की हे म्हणाले, "टेबलाला टेकव, नाहीतर तू फोडशील." मग वस्तरा लावला. खालून वर एक पट्टी. शेजारी दुसरी. पातं फुग्यावरून नुसतं सरकत होतं, आवाजसुद्धा नाही. गाठीजवळची जागा सगळ्यात अवघड, तिथे ह्यांनी करंगळी टेकवली, वस्तरा वळवला आणि शेवटचा फेस उचलून घेतला. निळा फुगा कोरा करकरीत माझ्या हातात राहिला.

मी रडले. हे रडले नाहीत, हात उलटसुलट करून बघत राहिले. मग पुसटसं म्हणाले, "दादाचं नाही हे."

"नाही," मी म्हटलं. "नाहीच."

एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. पण ह्यांची नजर बाटलीकडे गेली, तिथेच थांबली. बाटली अजून भरलेलीच होती. हे म्हणाले, "सकाळी एक टोपण घेतलं, तर दिवस निघेल."

 मला पुढचं सगळं दिसलं. एक टोपण, मग दुपारी आणखी एक, वास येऊ नये म्हणून बडीशेप, आणि कुणाला कळणार होतं? हात तर स्थिर. उस्ताद तर उस्तादच. आजाराच्या भीतीने मी स्वतःच ही बाटली घरात आणली होती.  मी उठले, बाटली उचलायला.

"थांब," हे म्हणाले. "आधी माळ्यावरून ती कोरी पाटी काढ. आणि रंगाचा डबा. हात आहे तोवर लिहून घेतो."

सलूनची जुनी पाटी ह्यांनीच रंगवली होती, ह्यांचं अक्षर फार सुंदर. मला वाटलं तीच नव्याने रंगवायचीय. मी स्टूल लावून पाटी काढली, पुसून दिली. हे जमिनीवर बसले, ब्रश बुडवला आणि लिहायला लागले. एकेक काना सरळ, एकेक वेलांटी गोल. मी उलट्या बाजूने वाचत होते म्हणून कळायला वेळ लागला. लिहिलं होतं, "आजपासून दाढी बंद. फक्त केस कापले जातील."

"अहो, पण डॉक्टर गोळ्या देईल. बरं होईल थोडं."

"थोडं बरं झालेल्या हाताने गळ्यावर वस्तरा ठेवायचा नसतो," हे म्हणाले. "तू ओत ती मोरीत. मी बघत नाही." आणि खरंच तोंड फिरवून बसले. मी दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या. घरभर संत्र्याच्या सालीचा वास सुटला.

पुढे तपासण्या झाल्या, कंपवात नाही असं डॉक्टरबाईने सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि मार्गारिटाचं ऐकून डोक्याला हात लावला. "काका, मी नुसतं विचारलं होतं हो!" पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी हे शिडीवर चढायला लागले तर मीच चढले आणि पाटी मीच लावली. तेवढ्यात ह्यांचं रोजचं पहिलं गिऱ्हाईक आलं, वर्षानुवर्षं ह्यांच्याकडूनच दाढी करून घेणारे पोस्टमनकाका. गालावरून हात फिरवत त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. 

शेवटी म्हणाले, "उस्ताद, अक्षर मात्र अजून तसंच आहे हं तुमचं. हात जराही हलत नाही."

हे हसले, आणि उजवा हात खिशात घातला.