एस्तेर सिस्टरांचा दुसरा आवाज

एस्तेर सिस्टर बेसूर नव्हत्या.

हे त्याच दिवशी, त्याच माइकवर कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. कुणी सांगितलं नाही. आता फेसबुकवर लिहून काय उपयोग, पण लिहिते.

सकाळी नगरहून त्यांच्या भाचीचा फोन आला. "मावशी गेली. झोपेतच गेली."

सत्तरच्या दशकातलं आमचं जालन्याचं कॉलेज. मराठीच्या सरांनी संगीत मंडळ काढलं आणि दारावर पाटी लावली : विद्यार्थी, गावकरी, कुणीही यावं.

आणि खरंच कुणीही आलं.

मस्तगडला सायकलचं दुकान असलेले युसूफभाई स्वतःची पेटी घेऊन आले. एक पोस्टमन आले. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स एस्तेर सिस्टर तर ड्यूटी संपवून पांढऱ्या साडीतच यायच्या.

मी बदनापूरहून पॅसेंजरनं अपडाउन करणारी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची पोरगी. आवाज जाड. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मला मागच्या रांगेत ढकलायचे. सरांनीही पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला.

"हिला कुठं उभी करू आता?"

सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडे द्या, सर. मला असाच आवाज हवाय."

असाच! जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी माझा आवाज हवा होता.

सरांनी कुंडलिका नदीवर गाणं लिहून चाल लावली होती. आपल्याकडे समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकाच चालीत म्हणायचं. सिस्टरांनी त्याच शब्दांना खालच्या पट्टीत वेगळी चाल बांधली आणि आम्हा चार-पाच जाड आवाजवाल्यांना शिकवली. चर्चमध्ये ते लोक असंच गायचे. एकाच वेळी दोन चाली, एक वरची, एक खालची.

मी म्हटलं, "सिस्टर, हे तर दुसरंच गाणं होऊन राह्यलं!"

"जात्यावर दोघी बसतात का नाही? खुंटा एकच. एकीचा हात वर, एकीचा खाली. दळण दोघींचं."

पहिल्यांदा दोन्ही आवाज एकत्र म्हटले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. युसूफभाई पेटी थांबवून छताकडे बघायला लागले.

"सर, खोली मोठी झाल्यासारखी वाटून राह्यली."

सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. गॅदरिंगला हेच गाणं, असं ठरलं.

गॅदरिंगचे पाहुणे बाहेरगावचे नावाजलेले गवई होते. भाषणात हसत हसत म्हणाले, "समूहगान छान झालं. निम्मी मंडळी सुरात होती. उरलेल्या निम्म्यांनी जरा मेहनत घ्यावी."

अख्खा हॉल हसला.

तिथं बसलेल्या कुणीच असं दोन आवाजांचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. लोकांना वाटलं, आम्ही चुकलो. पाहुण्यांनाही तेच वाटलं. त्यांचा तरी काय दोष?

असं म्हणते खरं, पण माझा राग अजून गेलेला नाही.

सर स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारीच बसले होते. मला वाटलं, आत्ता उठतील, सांगतील. सर उठले, पाहुण्यांचे आभार मानले आणि बसले.

पुढच्या प्रॅक्टिसला म्हणाले, "आता सगळे एकच चाल म्हणू या. उगाच लोकांचा गैरसमज नको."

युसूफभाई तडकले. "गलत त्यांनी ऐकलं, सर. आपण कामून बदलायचं?"

सरांनी खाली बघतच पहिली ओळ सुरू केली. वाईट नव्हते हो सर. घाबरले होते.

मला वाटलं, सिस्टर आता यायच्या बंद होतील. पण त्या येत राहिल्या. शेवटच्या रांगेत उभ्या राहून, आवाज ताणून, सगळ्यांसारखी सरळ चाल म्हणायच्या. मला तर ती पट्टी झेपायचीच नाही. मी नुसते ओठ हलवायची.

एकदा स्टेशनकडे जाताना विचारलं, "सिस्टर, तुम्हाला राग न्हाई आला? मंग येता कशाला?"

"राग आला ग. पण दवाखान्यात दिवसभर लोक कण्हत असतात. इथं गातात तरी. हे सोडून मी कुठं जाऊ?"

पुढे त्या नगरला गेल्या. माझं लग्न झालं, नोकरी लागली. पत्रं आधी नियमित, मग फक्त नाताळला.

काही वर्षांपूर्वी मी मुद्दाम नगरला जाऊन त्यांना भेटले. चहा झाल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "म्हणू या का ग ते आपलं?"

आम्ही सुरुवात केली. आणि दोघींनीही दुसरा, खालचाच आवाज लावला!

"अगं, तू पहिला म्हण ना."

"मला कुठं येतो, सिस्टर? मी तर नुसते ओठ हलवायचे."

"आणि माझा गळा आता तिथवर चढत नाही."

पोट धरून हसलो. हसता हसता सिस्टर रडायला लागल्या. मग मीही. त्या गॅदरिंगनंतर ते दोन आवाज पुन्हा कधी एकत्र लागलेच नाहीत, हे दोघींच्याही तेव्हा लक्षात आलं. कुणी टेप केलं नव्हतं. सर गेले होते, युसूफभाई गेले होते.

एवढी वर्षं हातात होती. कुणाला तरी बसवून शिकवता आलं असतं. नाही सुचलं.

आज फोन ठेवल्यावर ओट्याशी उभी राहिले आणि गाणं आपोआप तोंडात आलं. सगळं आठवतंय, एक जागाही विसरलेली नाही. पण दुसरा आवाज एकटाच म्हटला की खरंच चुकल्यासारखा वाटतो.

सून आतून आली. "आई, चाल चुकतेय का हो?"

म्हटलं, "न्हाई ग. बराबर आहे. वरचं म्हणणारे राह्यले न्हाईत."

ती शेजारी येऊन उभी राहिली. मी शेवटचं कडवं पूर्ण केलं.

सिस्टर, माझा शेवटचा सलाम घ्या.