थोरलीची स्प्रिंग

माझ्या नवऱ्याची थोरली बायको लोखंडाची होती. लग्न होऊन मी आसगावला आले, तेव्हा घराला लागून धान भरडायचा हलर होता आणि तो फिरवणारं डिझेल इंजिन. माझ्याआधी घरात आलं, म्हणून हे त्याला थोरली म्हणायचे. सकाळी उठले की, "थोरलीले थंडी भरली," म्हणत आधी तिकडे. मला ताप आहे की काय, हे विचारायला दुपार व्हायची.

मी एकोणीस वर्षांची, आणि अक्कल त्याहून लहान. एकदा हे जेवत असताना मी तिची एक स्प्रिंग काढली, वेग आवरणारी, करंगळीएवढी, आणि लुगड्यांच्या पेटीत तळाशी घातली. वाटलं, थोरली दोन दिवस रुसेल, ते दोन दिवस माझे. कुठले माझे. हे तिच्या उशाशीच बसून राहिले. दुसऱ्या स्प्रिंगा लावल्या, पण थोरली कधी धावायची, कधी दम टाकायची. तांदळाची कणी होऊ लागली. लोक धान घेऊन दुसरीकडे गेले आणि हलर बंद पडला. मग सांगायला मला तोंडच उरलं नाही.

यंदा नात आली. इंजिनिअर झालेली. तिने थोरली पूर्ण खोलली. आजा-नात दिवसभर रॉकेलात हात बुडवून बसायचे, चहासुद्धा तिथेच. या वयातही माझा जीव जळला, आता तर दोघींवर.

"स्प्रिंगच नाही, तं मापं कायची घेऊन राहिली?" मी विचारलं.

"आजी, स्प्रिंग गेली, पन तिनं घासलेल्या खुना हायेत. त्याइच्यावरून मागं मागं गेलं का समजते, ती केवढी होती."

खुणा इतकं बोलतात, तर पेटीपर्यंतही येतील.

नातीने हिशेब करून नागपूरहून नवी स्प्रिंग वळवून आणली. थोरली सुरू झाली, अन् घटकाभरात पुन्हा धापा टाकू लागली. ह्यांनी ती बंद केली आणि वर बारदाना पांघरला.

"राहू दे बाई," नातीला म्हणाले. "मी असेपर्यंत काही ती नीट बोलत नाही."

मी उठले, पेटी उघडली, आणि स्प्रिंग ह्यांच्या तळहातावर ठेवली.

नातीने ती आपल्या स्प्रिंगेशेजारी धरली. "एकाच वेढ्यानं चुकली मी," म्हणाली, आणि खूश झाली. हे मात्र स्प्रिंग उलटीपालटी करत होते.

"हिले जंग काहून नाही व लागला?"

"दर दसऱ्याले तेल लावत होती मी."

ह्यांनी बोटाला लागलेलं तेल हुंगून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे इतके वर्सं तुमा दोघीचं गूळपीठ, अन् मलेच मालूम नाही."

जुनी स्प्रिंग बसवली, अन् थोरली सुरू झाली, एका ठेक्यात. हे डोळे मिटून ऐकत होते. तसंच त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पदर सावरून माझा हात दिला.

"हात नाही," म्हणाले, "तेलाची बाटली दे."