पांडू उतेकरांचं रान

महाडला नोंदणी कार्यालयाबाहेर टेबल टाकून मी दस्त लिहिते. बावीस वर्षं झाली. माणसं माझ्याकडे येतात ती जमीन विकायला, वाटून घ्यायला, नाहीतर भावाच्या नावाने बोटं मोडायला. त्यामुळे पोलादपूरच्या वरच्या वाडीतले पांडू उतेकर जेव्हा म्हणाले, "बाई, माझं रान कुणालाच तोडता येणार नाय असा कागद करा," तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

"कुणालाच म्हणजे?"

"मला पण नाय."

सत्तरीचा काटक माणूस. बायको वारलेली, पोटी मूल नाही. डोंगरउतारावर तीन एकर रान, ऐन-किंजळाच्या झाडांचं. त्याच्या पायथ्याशी झरा, आणि मे महिन्यातही सगळी वाडी त्या झऱ्यावर पाणी पिते. आमच्याकडे अशी खाजगी रानं दहा-बारा वर्षांनी ठेकेदाराला देतात, तो बोडकी करून जातो. शेजारचा गोमाजींचा उतार असाच तोडलेला होता. एकवीस सालच्या पावसात तो गोठ्यासकट खाली आला. पांडूबाबांचा जागचा हलला नाही. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं, मी गेल्यावर या रानाचं काय?

मी म्हटलं, मृत्युपत्र करा. तर म्हणाले, "ज्याला दीन त्यानंच तोडलं तर?" बरं, एखाद्या संस्थेशी करार करा. पण तो ठरावीक वर्षांचा, मुदत संपली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग वनखात्याला देऊन टाका म्हटलं, तर चेहरा उतरला. "आन मग वाडीनं पाण्याला जायचं कुणाला इचारून?" माणूस मितभाषी, पण प्रश्न असे की मलाच घाम फुटावा. शेवटी मी वनखात्यातल्या ओळखीच्या बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, समुदाय राखीव क्षेत्र म्हणून अर्ज करा. जमीन मालकाच्याच नावावर राहते, पण सरकारने एकदा जाहीर केलं की तिचा वापर मनाला येईल तसा बदलता येत नाही. देखभालीला गावातलीच समिती. फक्त सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची संमती लागते.

"येकटाच हाय मी," पांडूबाबा खुशीत म्हणाले.

सातबारा काढला तर नावं दोन. पांडू आणि आवडी. आवडी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, तुडीलला दिलेली.

"तिनं हक्क सोडलाय की!" त्यांनी पिशवीतून घडी घातलेला स्टॅम्प पेपर काढला. वीस वर्षांपूर्वी घरच्या घरी केलेला. खाली आवडीचा अंगठा. नोंदणी नाही, तलाठ्याकडे फेरफार नाही. बहिणीचा अंगठा उठला, पेपर पत्र्याच्या पेटीत गेला, झालं काम! आमच्या निम्म्या तालुक्याने ही चूक केलीय. मी स्पष्ट सांगितलं, या कागदाची किंमत शून्य. नव्याने हक्कसोड तरी करून घ्या, नाहीतर अर्जावर त्यांची सही घ्या. नाहीतर विसरा.

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही याल का संगती? मी तिच्या दारात गेलो नाय, लई वर्सं झाली."

मला रविवारची सुट्टी सोडायची मुळीच हौस नाही. पण गेले.

तुडीलला आवडीबाई ओटीवर कुळीथ पाखडत बसल्या होत्या. भावाला बघून सूप थांबलं, पण या-बसा काही नाही. सुनेने पाणी आणून दिलं. पांडूबाबांनी घसा खाकरून झऱ्याचं सांगितलं, गोमाजींच्या गोठ्याचं सांगितलं. मग मी दोन्ही कागद पुढे ठेवून समजावले, हा हक्कसोडीचा, हा अर्ज.

"कागद झाल्यावर दोन वर्सं भाऊबीजेला आलास," आवडीबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "मग बंद. मी पोरांना सांगायची, मामा आजारी हाय. यवढी वर्सं आजारी असतो का रे मानूस?"

पांडूबाबा ओटीवर सांडलेले कुळीथ एकेक वेचू लागले.

"मी काय तुझं रान मागत होते, दादा? साडी दिलीस, अंगठा घेतलास, मला वाटलं माहेर तरी राहील. आता परत आलास ते पन कागदच घेऊन."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. असे शेकडो अंगठे मी स्वतः घेतलेत, आणि कधी कुठल्या बाईला विचारलं नाही की बाई, तुला काय वाटतं. लाज वाटली, खरंच सांगते.

"चुकलो गो," पांडूबाबा म्हणाले. "सही नको करू. मी जातो."

ते उठले तशी आवडीबाईंनी हक्कसोडीचा कागद उचलून माझ्या हातात परत दिला. "ह्यो न्या. हक्क मी परत सोडनार नाय." आणि अर्ज पुढे ओढला. "ह्याच्यावर करते. राखायचं असंल तर माझं पन नाव राहूदे तिथं."

अंगठा नाही, सही केली. सावकाश, एकेक अक्षर.

ग्रामसभेचा ठराव झाला. सरकारी जाहीरनामा अजून यायचाय, वेळ लागेल. मागच्या महिन्यात वनखात्याचे वनपाल पाहणीला आले तेव्हा मीही वर गेले होते. पांडूबाबा आदल्या दिवशी स्वतः तुडीलला जाऊन बहिणीला घेऊन आले होते. वनपालांनी वही उघडून विचारलं, "मालक कोण?"

पांडूबाबा एक पाऊल मागे सरले. "ही माझी बहीण. हिला इचारा," म्हणाले.

आवडीबाईंनी रानाकडे नजर टाकली. वीस वर्षांत त्या तिथे आल्या नव्हत्या. पदर खोचला आणि वनपालांना म्हणाल्या, "चला, आमची हद्द दाखवते."